धातू सगळीकडे आहे

मेटल डिटेक्टर घरी बनवणं अगदी सोपं असतं, असं सांगणारी माणसं बहुधा घरात राहत नसावीत. कारण घर म्हणजे निव्वळ लोखंड.

तत्त्व खरंच सोपं आहे. तांब्याच्या तारेचं वेटोळं, दोन कपॅसिटर आणि एक ट्रान्झिस्टर घेऊन ऑसिलेटर, म्हणजे एका लयीत विजेची स्पंदनं देणारं सर्किट, करायचा. वेटोळ्याजवळ सोनंनाणं आलं की त्या धातूत एडी करंट, म्हणजे विजेचे भोवरे, फिरू लागतात, वेटोळ्याचं इंडक्टन्स (प्रवाह बदलायला विरोध करायचा त्याचा गुण) बदलतं आणि ऑसिलेटरची वारंवारता सरकते. ती मोजायला १६ मेगाहर्ट्झवर चालणारा आर्डुइनो, म्हणजे तळहाताएवढा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड. आकडा हलला की बझर. एवढंच.

निमित्त झालं आईच्या कुडीच्या फिरकीचं. ती पलंगाखाली घरंगळली आणि तिथून गायब झाली.

बुधवार पेठेत दुकानदाराने माझी यादी वाचली, पांढऱ्या कल्ल्यांवर एक नजर टाकली आणि विचारलं, "मुलगा कितवीत आहे?"

"मला मुलगी आहे. आणि हा प्रोजेक्ट तिचा नाही."

मग तो काही बोलला नाही. तार मात्र मापात थोडी जास्तच दिली.

वेटोळं १५ सेंटिमीटर व्यासाचं, ३० वेढ्यांचं. ते गुंडाळायला गोल वस्तू हवी आणि ती धातूची चालत नाही. आमच्या स्वयंपाकघरात गोल आहे ते सगळं स्टीलचं. अपवाद एका प्लॅस्टिकच्या बरणीचा, आणि तीत साबुदाणा.

"परवा एकादशी आहे," आई म्हणाली.

"तुझ्याच फिरकीसाठी चाललंय."

"फिरकी केवढी, पसारा केवढा!"

साबुदाणा पातेल्यात गेला. तारेची टोकं काचकागदाने घासून इनॅमलचा विजरोधक लेप काढला, डाग दिला, आणि स्क्रीनवर आकडे धावू लागले. सेकंदाला सुमारे ९५ हजार स्पंदनं! मी हरखून पंखा लावला. आकडे हलले. पंखा बंद केला, पुन्हा हलले. वेटोळ्याला हवा लागते, ऊन लागतं, नुसता हात जवळ नेला तरी कळतं. इतकी हळवी वस्तू आमच्या घरात यापूर्वी फक्त आत्या होती. फिरकीएवढ्या सोन्याने आकडा जेमतेम एखाद-दोनने हलणार, आणि पंख्याने त्याच्या कितीतरी पट. शेवटी वेटोळ्याला चिकटपट्टीत घट्ट गुंडाळलं, पंखा बंद ठेवला आणि मे महिन्यात घामाघूम होऊन पलंगाखाली शिरलो.

टूंऽऽ. पलंगाचा लोखंडी सांगाडा. पलंग सरकवला. टूंऽऽ. आता जमीनच वाजत होती. फरशीखाली स्लॅब, स्लॅबमध्ये वीतभर अंतरावर सळया, आडव्या आणि उभ्या. बिल्डरने सिमेंटमध्ये काटकसर केली असेल, सळयांत नक्कीच नाही.

अशा वेळी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची आठवण काढावी. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे अडकली ते शोधायला टेलिफोनवाला बेल आपलं यंत्र घेऊन वॉशिंग्टनमध्ये हजर झाला. पण अध्यक्षांच्या गादीत पोलादी तारा होत्या, त्यामुळे यंत्राला नको तिथे आवाज येऊ लागले. त्यात डॉक्टरांनी तपासू दिली उजवी बाजू, आणि गोळी होती डावीकडे. सप्टेंबरात गारफिल्ड गेले. बेलला निदान गादी तरी हलवता आली असती. मी स्लॅब कुठे हलवू?

फिरकी शेवटी सोनाराने नवी करून दिली. यंत्र माळ्यावर जाणार होतं, तेवढ्यात तळमजल्यावरचे काका जिना चढून आले. आवाज त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"अरे, जरा गुडघ्याला लाव बघू."

गेल्या वर्षी त्यांचा गुडघा बदललाय. वेटोळं जवळ नेताच असा खणखणीत टूंऽऽ निघाला की आई स्वयंपाकघरातून धावत आली. दुसऱ्या गुडघ्याला नेलं. शांत. पुन्हा पहिला. टूंऽऽ. काकांचा चेहरा उजळला.

"म्हणजे घातलंय खरं! मला आपली शंका होती. बिल केवढं लावलं होतं, आणि दाखवला फक्त एक्स-रे."

ते खाली उतरले आणि बातमी सोसायटीभर झाली. संध्याकाळी समोरच्या काकूंचा फोन आला. त्यांचा खुबा बदललाय.

"उद्या येऊ का रे? यांचीही मांडीतली सळई बघून घेऊ. रविवारी जास्त घेणार नाहीस ना?"