रडीचा डाव आणि लॅग

परवा मामांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. तुमच्याकडेही आला असेल, खाली गुलाबाचं फूल आणि जोडलेले हात आहेत तोच. मजकूर थोडक्यात असा: आमच्या पिढीने विटीदांडू, लगोरी, डबा ऐसपैस खेळून माणसं जोडली, आजची पोरं मोबाईलवर गेम खेळून एकलकोंडी झाली. आमच्या खेळात नियम होते, यांच्यात नुसती मारामारी. आमच्यात गरीब-श्रीमंत असा भेद नव्हता. गेम म्हणजे ड्रग्जच, डब्ल्यूएचओने तसं जाहीर केलंय. तेव्हा मोबाईल काढून घ्या, पोराला मैदानावर ढकला, आपोआप सुधारेल.

ग्रुपवर मामांना उलट बोलणं बरं दिसत नाही. तिथे मी अंगठा दाखवला आणि इथे लिहायला बसले.

आधी एकलकोंडेपणाचं बघू. रविवारी जेवणं आटोपली की आमच्या डोंबिवलीच्या घरात सहावीतले चिरंजीव पलंगाच्या कोपऱ्यात हेडफोन लावून बसतात. फ्री फायर मॅक्स, बंदुकांचा मारामारीचा गेम. त्या वेळी फोटो काढला तर फॉरवर्डवर छापायला अगदी फिट: पडदा ओढलेली खोली, तोंडावर निळा उजेड, कुणाशी बोलणं नाही. एकदा मी हेडफोनची पिन उपटली. पलीकडे तीन पोरं एकदम बोलत होती. एक त्याच्या वर्गातला, एक आमच्याच तिसऱ्या मजल्यावरचा, एक माझ्या बहिणीचा मुलगा, पुण्याहून.

"अरे उचल ना मला, मरतोय मी!"

"आधी सॉरी म्हण. काल मला सोडून पळाला होतास."

"सॉरी. उचल आता."

"नीट म्हण."

इकडे झोन, म्हणजे गेममधली सुरक्षित जागा, आत सरकतोय, गोळ्या चालल्यात, आणि हे दोघे कट्टी सोडवतायत. नीट सॉरी झालं, मग उचललं. सोमवारी डबा खाताना याच प्रसंगाची उजळणी झाली असणार, कारण संध्याकाळी मला तो पुन्हा, जरा तिखटमीठ लावून, ऐकायला मिळाला. एकटं खेळत बसणारी पोरंही असतात, नाही कशाला म्हणू. पण वाड्यात दिवसभर भिंतीवर बॉल आपटत बसणारा एक मुलगा आमच्याही वेळी होताच, आणि त्याचं खापर कुणी बॉलवर फोडलं नव्हतं.

"पूर्वीचे खेळ संपले" हे गाऱ्हाणंही मोबाईलपेक्षा बरंच जुनं आहे. आयोना आणि पीटर ओपी या ब्रिटिश दांपत्याने १९५० च्या दशकात हजारो शाळकरी मुलांकडून खेळ, यमकं, चिडवाचिडवी गोळा केली. तेव्हाची मोठी माणसं सिनेमा, रेडिओ आणि टीव्हीला दोष देत होती, आणि मुलं शाळेच्या आवारात आपले खेळ खेळतच होती. बाय द वे, ज्याच्या नावाने आपण इतके हळवे होतो तो 'ऐसपैस' म्हणजे 'आय स्पाय' असं मानतात. तेव्हा 'नूब' (नवखा) आणि 'रिव्हाइव्ह' (पडलेल्याला उठवणं) यांवरून मराठी बुडाल्याची बोंब जरा सबुरीने मारावी.

आता नियम. इथे मला फॉरवर्ड लिहिणाऱ्याची खरंच गंमत वाटते, कारण त्याने मुलांना खेळताना ऐकलेलंच नाही. गेमचे स्वतःचे नियम असतात ते असतात, पण ही पोरं कस्टम रूम, म्हणजे आपापल्यांतला खासगी सामना, बनवतात तेव्हा वर आपले नियम घालतात: छतावर चढायचं नाही, फक्त पिस्तूल, पहिली दोन मिनिटं कुणी कुणाला मारायचं नाही. यातलं बरंचसं ॲप तपासत नाही. सगळं शब्दावर चालतं. मोडलं की आरडाओरडा, पंचायत आणि रूममधून हकालपट्टी. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये 'एक टप्पा आउट' आणि 'समोरच्या गच्चीत गेला तर बॅट्समन आउट' हे कुठल्या पुस्तकात लिहिलं होतं? रडीचा डावही जसाच्या तसा आहे. आम्ही आउट होताना दिसलो की मूठ तोंडाला लावून 'टाइमप्लीज' ओरडायचो. माझा मुलगा मरायला टेकला की घरातलं वायफाय नेमकं तेव्हाच जातं. "लॅग झाला यार!" राउटरचे दिवे हिरवेगार असतात, मी बघून आले आहे.

आणि कच्चा लिंबू! त्यांच्यात एक मुलगा आईच्या जुन्या फोनवर खेळतो. गेम अडकत अडकत चालतो, शत्रू दिसेपर्यंत हा गेलेला असतो. त्याला घेतलं की रँक घसरते हे सगळ्यांना पाठ आहे. तरी चौथा गडी तोच. "तू गाडीत बस फक्त, गाडी मी चालवतो." हे औदार्य रोज नसतं. रँक वाढवायची असली की त्याला "आज नको रे" असंही ऐकवतात, आणि तो "मला पण अभ्यास आहे" म्हणून बाजूला होतो. हे मी हेडफोन न काढताही ओळखते, कारण माझा मुलगा त्या दिवशी हळू आवाजात बोलतो.

मारामारीबद्दल फार लिहीत नाही. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल घेऊन आपण काय शांतता परिषद भरवत होतो? शिव्यांची गोष्ट मात्र वेगळी. त्या आम्हीही मैदानावरच शिकलो, पण देणाऱ्याचं घर ठाऊक होतं, आणि त्याच्या आजीला आमचं. अनोळखी स्क्वाडमध्ये, म्हणजे संघात, पडलं की माइकवर कोण, केवढा, कुठला, काही कळत नाही. इथे फॉरवर्डची भीती रास्त आहे, आणि नेमकी हीच त्यात लिहिलेली नाही.

"आमच्यात भेद नव्हता." मामा, राग मानू नका. साताऱ्याच्या वाड्यात दिवेलागणीला मला आत बोलावलं जायचं आणि दादा आठपर्यंत बाहेर असायचा. राज्य माझ्यावर अर्धं राहिलेलं असायचं. खालच्या वस्तीतली मुलं मैदानाच्या कडेला उभी असायची. लांब गेलेला बॉल आणून द्यायचं काम त्यांचं, बॅटिंग कधीच नाही. हे आठवत नसेल तर ते बॅटिंग करणाऱ्याला आठवत नाही इतकंच. गेममध्येही हे सगळं शिस्तीत येऊन बसलंय. आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी मुलाच्या नावाने आयडी काढून खेळते आणि माइक बंद ठेवते. आवाज ऐकला की समोरची पोरं कशी बोलतात ते तिला माहीत आहे. ज्याच्याकडे स्किन, म्हणजे बंदुकीचा किंवा पात्राचा विकतचा रंग-पोशाख, नाही तो 'बॉट', म्हणजे लिंबूटिंबू. रूम उघडायचं कार्ड ज्याच्याकडे, नियम त्याचे. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, दुसरं काय?

डब्ल्यूएचओचा मुद्दा पटकन संपवते. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या रोगांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, हे खरं. पण त्याच्या खुणा अशा: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला वरचढ स्थान मिळत जाणं, नुकसान दिसूनही खेळ चालूच राहणं, आणि त्यातून घर-शाळा-नात्यांचं ठळक बिघडणं, तेही साधारण वर्षभर. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक चालतं. म्हणजे त्रास खोटा नाही. पण रविवारी दोन तास खेळणाऱ्या पोराला व्यसनी म्हणणं म्हणजे शिंकेला न्यूमोनिया म्हणणं.

मैदान आणि मोबाईल यांत मला खरा फरक दिसतो तो एकच, आणि फॉरवर्डमध्ये त्याचा पत्ता नाही. लगोरीला मालक नव्हता. सात फरशीचे तुकडे आणि एक चेंडू, आमच्या खेळण्यावर कुणाची कमाई नव्हती. गेमला मालक आहे आणि मुलाने अजून थोडं थांबावं, अजून थोडे डायमंड, म्हणजे गेममधलं विकतचं चलन, घ्यावेत, यासाठी पगारी माणसं बसलेली आहेत. चक्र फिरवायचं, काय निघेल ते नशीब. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात नंबर फाडायचा पुठ्ठा असायचा, त्यातलाच प्रकार, पण तिथे चार आणे संपले की आपण घरी यायचो. २०२१ मध्ये बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतातला अवतार, आला तेव्हा अठराच्या आतल्यांसाठी दिवसाला तीन तास आणि ७००० रुपये अशी मर्यादा जाहीर झाली होती. दिवसाला सात हजार! ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, चांगलं झालं. पण आमच्याकडचं भांडण जुगाराचं नव्हतंच, ते बंदुकीच्या रंगाचं होतं, आणि त्यात माझ्या खात्यातले ३९९ रुपये गेले.

राहिला उपाय. काढून घ्या म्हणता, तर सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये पबजी काढून घेतलंच होतं. पोरं दुसऱ्या गेमवर गेली आणि जुलै २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय हे नवं नाव लावून परत आला. मैदानावर ढकला म्हणता, तर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये 'बॉल खेळण्यास सक्त मनाई' अशी पाटी आहे, आणि ती लावणाऱ्या कमिटीतल्या दोघांनी मला हाच फॉरवर्ड पाठवलाय. जवळचं मैदान रस्ता ओलांडून, आणि वर्षातला बराच काळ त्यावर कसला ना कसला मंडप.

शिवाय मामा, २०२० चा लॉकडाउन आठवतोय ना? नवी मुंबईत बनलेलं ते लुडो किंग, तुम्ही कऱ्हाडला, मामी माहेरी अडकलेल्या, आम्ही डोंबिवलीत. रात्री एक वाजेपर्यंत डाव चालायचा. मामींनी तुमची घरात शिरायला आलेली सोंगटी मारली, तेव्हा "नेट गेलं होतं, धरू नका" असं तुम्ही म्हणालात आणि दोन दिवस कुणाचा फोन उचलला नाहीत.