नाताळच्या टेलिफिल्म्सचे निर्माते खरोखर कुठून आले?

डिसेंबर उजाडला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. अमेरिकी चॅनेलांवरच्या नाताळच्या टेलिफिल्म्स म्हणे सिनेमात न चाललेल्या निर्मात्यांच्या हातच्या असतात. पैसा शुभेच्छापत्रांच्या कंपनीचा, डोकं जाहिरातवाल्यांचं, शूटिंग दोन आठवड्यांत उरकलेलं आणि निर्माता फक्त नामावलीपुरता. आता हे सिनेमे ओटीटीवर मराठी घरांतही पाहिले जातात, त्यामुळे हा मजकूर आपल्या गटांतही पुढे ढकलला जातो. त्यातली काही विधानं साफ खोटी आहेत. काही अर्धी खरी आहेत, आणि अर्धं खरं जास्त दिशाभूल करतं. एकेक मुद्दा घेऊ.

"सिनेमात जमलं नाही म्हणून इथे आले."

19 डिसेंबर 1971 रोजी सीबीएसवर 'द होमकमिंग: अ ख्रिसमस स्टोरी' लागली. मंदीच्या काळातलं व्हर्जिनियातलं डोंगरी कुटुंब, नाताळच्या आदल्या रात्री घरी न पोचलेला बाप, एवढीच गोष्ट. तिचे निर्माते रॉबर्ट जॅक्स. 1950 च्या दशकात त्यांनी 'प्रिन्स व्हॅलियंट' आणि 'अ किस बिफोर डाइंग' हे चित्रपट काढले होते. मोठ्या स्टुडिओचं बजेट, रंगीत फिल्म आणि नावाजलेले नट हे सगळं हाताळलेला माणूस टीव्हीकडे वळला, आणि 'द होमकमिंग'वरूनच पुढच्या वर्षी 'द वॉल्टन्स' ही मालिका उभी राहिली. अपयशी माणसाची कारकीर्द अशी असते का?

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. 4 डिसेंबर 1977 रोजी एबीसीवर 'द गॅदरिंग' लागली. मरणाच्या दारात उभा असलेला बाप दुरावलेल्या मुलांना नाताळसाठी एकत्र बोलावतो. एड अ‍ॅस्नर आणि मॉरीन स्टेपलटन प्रमुख भूमिकांत. संस्था हॅना-बार्बेरा आणि कार्यकारी निर्माते जोसेफ बार्बेरा, म्हणजे टॉम आणि जेरीचे जनक. न्यूयॉर्कच्या बँकेतली नोकरी, मासिकांना व्यंगचित्रं विकणं, छोट्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओंतली उमेदवारी आणि मग एमजीएम, असा त्यांचा प्रवास. तिथे मांजर-उंदराच्या जोडीने 7 ऑस्कर मिळवून दिले. 1957 मध्ये एमजीएमने अ‍ॅनिमेशन विभाग बंद केला आणि बार्बेरा टीव्हीत आले. सिनेमाने पाठ फिरवली हे खरं, पण ती स्टुडिओच्या हिशेबामुळे, कामात खोट होती म्हणून नव्हे. 'द गॅदरिंग' लिहिणारे जेम्स पो पटकथेच्या ऑस्करचे मानकरी होते, आणि दिग्दर्शक रँडल क्लायझर यांचा पुढचा चित्रपट 'ग्रीस'. या टेलिफिल्मला त्या वर्षीच्या सर्वोत्तम विशेष कार्यक्रमाचं एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीचं मानाचं पारितोषिक, मिळालं. कार्टूनवाल्याने मृत्यूवरची टेलिफिल्म काढावी याचं त्या काळी नवल वाटलं असेल. पण सहा-सात मिनिटांत गोष्ट पोचवायची सवय ज्याला आहे, त्याला एका घरात घडणारं नाट्य आटोपशीर ठेवणं जड जात नाही.

तिसरं नाव अ‍ॅलन शेन. 3 डिसेंबर 1972 रोजी सीबीएसवर लागलेल्या 'द हाउस विदाउट अ ख्रिसमस ट्री'चे हे निर्माते. आधी रंगभूमीवरचे नट, मग कास्टिंग डायरेक्टर. ही टेलिफिल्म फिल्मवर नव्हे, व्हिडिओटेपवर घेतली होती. त्या काळच्या टेपवर प्रकाश सपाट दिसे, पार्श्वभूमीची खोली हरवे आणि चित्राची जादू जवळजवळ नसेच. अशा वेळी सगळा भार नटांवर पडतो. गोष्ट 1946 च्या नेब्रास्कातली, दहा वर्षांची मुलगी आणि घरात नाताळचं झाड आणायला नकार देणारा विधुर बाप. ती मुलगी चुकीची निवडली असती तर काहीच उरलं नसतं. बापाच्या भूमिकेत जेसन रोबार्ड्स आणि समोर लिसा लुकस ही बालकलाकार, या निवडीवर सगळं उभं आहे. पटकथेसाठी एलिनॉर पेरी यांना एमी मिळालं. शेन 1976 मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या टीव्ही विभागाचे अध्यक्ष झाले. कास्टिंगमधून आलेल्या निर्मात्याला 'नापास' म्हणणाऱ्याने ही एक टेलिफिल्म पाहावी.

"शुभेच्छापत्रांच्या कंपनीचे लोक सिनेमे बनवतात."

प्रायोजक आणि निर्माता यांतला फरक इथे पुसला गेला आहे. शुभेच्छापत्रांची ही कंपनी म्हणजे हॉलमार्क. तिच्या प्रायोजकत्वाची मालिका सुरू झाली 24 डिसेंबर 1951 रोजी, एनबीसीवर थेट प्रक्षेपित झालेल्या 'अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स' या जियान कार्लो मेनॉटी यांच्या ऑपेराने. तो एनबीसीने खास टीव्हीसाठी लिहून घेतला होता. त्यामागचे निर्माते सॅम्युअल चॉट्झिनॉफ हे पियानोवादक. यश्का हायफेट्झसारख्या व्हायोलिनवादकाची साथ त्यांनी केली होती, न्यूयॉर्कच्या दैनिकात संगीत समीक्षा लिहिली होती, आणि संगीतसंचालक (कंडक्टर) तोस्कानिनींनी एनबीसीचा वाद्यवृंद हाती घ्यावा म्हणून रदबदलीही केली होती. कार्डं छापणाऱ्या कंपनीचा त्या स्टुडिओतला वाटा खर्च उचलण्याचा होता. स्वर, गायक आणि तालमी ठरवणारा माणूस मैफलीच्या व्यासपीठावरून आला होता.

आजही हॉलमार्क चॅनेलवरचे बहुतेक नाताळपट स्वतंत्र निर्मितीसंस्था काढतात. चॅनेल विषय मंजूर करतं, पटकथेवर शेरे देतं, प्रसारणाचे हक्क घेतं. ठरावीक साचा चॅनेलचा असतो, हे मान्य. पण सेटवर रोज निर्णय घेणारा माणूस बहुधा त्या स्वतंत्र संस्थेचा असतो.

"जाहिरातवाले आहेत, त्यांना कला काय कळणार?"

पहिला अर्धा भाग खरा आहे आणि तो लपवायचं कारण नाही. 'द होमकमिंग'चे कार्यकारी निर्माते ली रिच हे बेंटन अँड बोल्स या जाहिरातसंस्थेतून आले. 1964 चा 'रुडॉल्फ' हा लाल नाकाच्या रेनडियरवरचा बाहुल्यांचा अ‍ॅनिमेशनपट ज्यांनी काढला त्या जोडीतले ज्यूल्स बास जाहिरातसंस्थेत होते, आणि आर्थर रँकिन एबीसीत कलादिग्दर्शक. पण त्या काळी अमेरिकी टीव्हीवर वेळ प्रायोजक विकत घेत आणि कार्यक्रम बरेचदा त्यांची जाहिरातसंस्थाच जुळवून आणी. कार्यक्रमनिर्मितीचं शिक्षण मिळायची एक मोठी जागा तीच होती.

1965 चं 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस' हे अ‍ॅनिमेशन पाहा. कार्यकारी निर्माते ली मेंडेल्सन माहितीपटवाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या केपीआयएक्स स्टेशनवर सुरुवात केली, मग बेसबॉलपटू विली मेज यांच्यावर माहितीपट काढला. त्यानंतरचा चार्ली ब्राउनचे जनक, व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झ यांच्यावरचा माहितीपट कोणी विकत घेतला नाही. त्या न विकल्या गेलेल्या कामामुळेच कोका-कोलाच्या जाहिरातसंस्थेचा फोन आला. जोडीला निर्माते-दिग्दर्शक बिल मेलेंडेझ, डिस्ने, वॉर्नर आणि यूपीए या स्टुडिओंतून प्रवास केलेले अ‍ॅनिमेटर. शुल्झ यांची पात्रं पहिल्यांदा हलवली ती त्यांनीच, फोर्ड गाड्यांच्या जाहिरातींसाठी. त्या जाहिरातींमुळे एक मोठा प्रश्न आधीच सुटला होता. मोठं डोकं आणि आखूड हात असलेली ही मुलं समोरून आणि बाजूने दिसतात, पण वळताना विचित्र होतात. ते वळण कसं टाळायचं किंवा झटक्यात कसं उरकायचं हे मेलेंडेझ यांना ठाऊक होतं, म्हणूनच सहा महिन्यांत काम पुरं झालं. पात्रांना आवाज देणाऱ्या मुलांपैकी सगळ्यात लहान मुलीला वाचता येत नव्हतं. तिला वाक्यं तुकड्या-तुकड्याने सांगून वदवून घेतली आणि मग जोडली. प्रायोजकाचा हात दिसतो तो मूळ प्रसारणातल्या कोका-कोलाच्या पाटीत, जी पुढे काढून टाकली. कथेत बायबलचा उतारा मात्र शुल्झ यांच्या आग्रहाप्रमाणे तसाच राहिला.

जाहिरातीतला माणूस आणखी एका कामाला येतो. दोन तासांच्या वेळेत गोष्टीला सुमारे 85 मिनिटं मिळतात, बाकी जाहिराती. हॉलमार्कच्या पटकथा नऊ अंकांत लिहिल्या जातात. प्रत्येक अंक अशा जागी थांबायला हवा की प्रेक्षकाने रिमोट उचलू नये, आणि पुढचा अंक अशा जागी सुरू व्हावा की उशिरा आलेल्यालाही धागा सापडावा. सिनेमागृहासाठी लिहिणाऱ्याला हे तुकडे सहसा खटकतात. जाहिरातीतून आलेल्याला ते अंगवळणी असतात.

"दोन आठवड्यांत उरकतात, म्हणजे कामाची जाण नाही."

आकडा जवळपास बरोबर, निष्कर्ष उलटा. 15 दिवसांचं शूटिंग धरलं तर रोज पाच-सहा मिनिटांचं वापरण्याजोगं चित्रण हवं. पटकथेची साधारण सहा-सात पानं. हे जमवणारे बहुतेक निर्माते लाइन प्रोड्यूसर (सेटवरचा रोजचा खर्च आणि काम सांभाळणारा), प्रॉडक्शन मॅनेजर किंवा सहाय्यक दिग्दर्शक म्हणून वर्षानुवर्षं घासलेले असतात, कारण इथे सगळ्यात मोठं कौशल्य वेळापत्रकाचं आहे.

शूटिंग बरेचदा उन्हाळ्यात, व्हँकूव्हरच्या परिसरात किंवा ओंटारियोत. जूनमध्ये व्हँकूव्हरला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि पहाटे पाचला उगवतो. म्हणजे चौकातलं दिव्यांचं झाड दाखवायला रात्र अपुरी, आणि त्यातच बालकलाकारांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा. जाणता निर्माता मुलांचे प्रसंग खिडक्या काळ्या कापडाने झाकून दिवसा आत घेतो आणि बाहेरच्या रात्री फक्त मोठ्यांसाठी राखतो.

बर्फाचंही तसंच. दूरच्या हिरवळीवर पांढऱ्या कापडाच्या चादरी, मधल्या पट्ट्यात कागदाचा किंवा सेल्युलोजचा चुरा, छपरांवर फेस, आणि नट हातात घेणार असेल तिथेच खरा ठेचलेला बर्फ. फेस उन्हात तासाभरातही बसू शकतो आणि पायऱ्या निसरड्या करतो. कागदाचा चुरा वाऱ्याने लोकरीच्या कोटाला चिकटतो, मग पुढच्या शॉटमध्ये खांदा जुळत नाही. बर्फ पाडणाऱ्या यंत्राचा आवाज संवादावर येतो, म्हणून संवादाच्या वेळी ते लांब न्यावं लागतं नाहीतर आवाज नंतर भरावा लागतो. कॅमेरा सूचिपर्णी झाडांकडे वळवला नाही तर जुलैची हिरवी पानं सगळं बिंग फोडतात. यातलं एकही गणित चुकलं तर अर्धा दिवस जातो, आणि 15 दिवसांत अर्धा दिवस परत मिळत नाही.

"निर्माता नावापुरता."

नामावलीत सात-आठ कार्यकारी निर्माते पाहून हा समज होतो. त्यातली काही नावं खरंच पैशाची, विक्रीची किंवा मुख्य नटाच्या कराराची असतात. पण म्हणून सगळीच तशी ठरत नाहीत. कॅनडात करसवलतीमुळे हे फार काटेकोर आहे. तिथला 'कॅनेडियन' चित्रपट म्हणून संघराज्याची 25 टक्के सवलत (पात्र मजुरीखर्चावर) हवी असेल, तर निर्माता कॅनेडियनच लागतो आणि प्रमुख सर्जक पदांच्या 10 गुणांपैकी किमान 6 मिळवावे लागतात. दिग्दर्शक 2, पटकथाकार 2, दोन प्रमुख नट प्रत्येकी 1, छायाचित्रण, कलादिग्दर्शन, संगीत, संकलन प्रत्येकी 1. दिग्दर्शक किंवा लेखक यांपैकी एक आणि पहिल्या दोन नटांपैकी एक कॅनेडियन असणं बंधनकारक. अमेरिकी नावं मग सौजन्याच्या श्रेयाखाली, परवानगीने बसवली जातात. लॉस एंजेलिसचं ठळक नाव वर आणि व्हँकूव्हरचं अनोळखी नाव खाली दिसलं, तर प्रत्यक्ष काम खालच्या नावाने केलं असण्याचीच शक्यता जास्त.

'रुडॉल्फ'मध्येही असंच होतं. कंपनी न्यूयॉर्कची, आवाज टोरंटोत ध्वनिमुद्रित, आणि बाहुल्या चौकट-चौकट हलवल्या त्या टोकियोत, तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत. मोचिनागा जपानमध्ये घडले, युद्धानंतर बराच काळ चीनमध्ये अ‍ॅनिमेशन केलं, आणि 1953 मध्ये परतल्यावर जपानमध्ये बाहुल्यांचे चित्रपट रुजवले. पडद्यावर त्यांचं नाव 'टॅड मोचिनागा' असं येतं, पर्यवेक्षक म्हणून.