तंबोरा मागे बसतो

गेल्या रविवारी आमच्या घरी होम थिएटरची प्राणप्रतिष्ठा झाली आणि त्या सोहळ्यात यजमानाचे जे झाले ते अजून माझ्या घशाखाली उतरलेले नाही. महाराणी रोडवरच्या दुकानातून सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा रिसीव्हर, पाच स्पीकर आणि सबवूफर घरी आले, मागोमाग मोफत जोडणी करणारा मुलगा आला; इथपर्यंत तक्रार नाही. मी आधीच कोनमापक घेऊन फरशीवर खडूने खुणा केल्या होत्या: बसणाऱ्याच्या दृष्टीने समोरचे दोन स्पीकर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर, आणि मागचे दोन ११० अंशांच्या आसपास, कानांच्या जरा वर. उजवीकडे ११० अंशांवर नेमके स्वयंपाकघराचे दार येते, ही बिल्डरची कृपा.

मुलाने खुणांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि भराभर तारा जोडल्या. त्यानंतर खोलीचे मोजमाप करायचे असते. बसायच्या जागी कानाच्या उंचीवर छोटा माइक ठेवतात, रिसीव्हर एकेका स्पीकरमधून विचित्र आवाज काढतो आणि माइकपर्यंत पोचलेल्या आवाजावरून प्रत्येकाचे अंतर व पातळी ठरवतो. याला फक्त शांतता लागते. पहिल्या खेपेस गल्लीत कचरागाडी गाणे वाजवत आली. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या इंदुरात तिच्याविरुद्ध बोलण्याची सोय नाही. दुसऱ्या खेपेस वरच्या मजल्यावरचे काका आले आणि माइक बाजूला सारून त्याच जागी बसले, कारण तिथून सगळे नीट दिसते.

अखेर मोजमाप झाले आणि पडद्यावर सूचना उमटली की समोरच्या उजव्या स्पीकरची फेज तपासा. म्हणजे लाल तार काळ्या जागी गेली होती. तसे झाले की एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि गवयाचा आवाज कुठून येतो ते कळेनासे होते. मी हे सांगू लागलो, तेवढ्यात "ये तो सब में आता है, भिया" म्हणून मुलाने ती सूचना पुढे ढकललीदेखील.

"अमीर खाँसाहेबांचा मारवा लाव," काका म्हणाले. इंदूर घराण्याचे हे गवई १९७४ साली गेले. त्यांना समोर बसून ऐकल्याचे सांगणारी इंदुरातली सगळी मंडळी खरे बोलत असतील, तर त्या मैफली नेहरू स्टेडियममध्येच झाल्या असाव्यात. मी मारवा लावला. ज्या खर्जासाठी खाँसाहेबांना ऐकायचे, तोच पातळ वरणासारखा झाला होता. काकांची तक्रार मात्र वेगळी होती.

"मागचे दोघे गप्प का?"

"काका, जुने रेकॉर्डिंग आहे. त्यांच्यासाठी यात काही नाहीच."

"असे कसे? तंबोरा मागे बसतो. मागून तंबोरा यायला पाहिजे."

"तंबोरा गवयाच्या मागे बसतो, काका. ऐकणाऱ्याच्या नाही."

काकांनी यावर खरोखर विचार केला. मग उठून त्यांनी खुर्ची टीव्हीपाशी नेली, टीव्हीकडे पाठ केली, माझ्याकडे तोंड करून ते बसले आणि डोळे मिटून एक हात वर नेला. आता मैफल मांडल्यासारखी झाली होती, फक्त गवई काका होते.

"आता तंबोरा बरोबर आहे," थोड्या वेळाने ते म्हणाले, "पण खाँसाहेबही माझ्या मागेच बसलेत. त्यांना पुढे आण."

मी आवाजाच्या दोन वाहिन्या आणि पाच वाहिन्या यांतला फरक समजावू लागलो. रेकॉर्डिंगमध्ये तंबोरा वेगळा काढून ठेवलेला नसतो, हे काकांना माझे अज्ञान वाटले. ते म्हणाले, एवढे पैसे घेतले तर एक तंबोरा वेगळा करायला काय हरकत होती? मुलाने रिमोट उचलला, एक बटण दाबले आणि तोच मारवा पाचही स्पीकरमधून एकदम कोसळू लागला. माझे ३० अंश, ११० अंश, खडू, सगळे त्याखाली गाडले गेले.

"अब सब में से आ रहा है ना?"

"याला म्हणतात कारागीर," काका म्हणाले.

मोफत जोडणी म्हणजे तार टोचायची, आवाज येतो हे दाखवायचे आणि ओटीपी मागायचा. तो ओटीपी आल्याशिवाय त्या मुलाचे काम पूर्ण धरले जात नाही, म्हणून त्याचा सगळा जीव माझ्या फोनमध्ये होता, स्पीकरमध्ये नव्हता. यात दोष त्याचा किती आणि त्याला दिवसाला घरे वाटून देणाऱ्यांचा किती, हे मला ठरवता येत नाही, पण पैसे मी भरले होते. उजवी तार सुधारल्याशिवाय ओटीपी मिळणार नाही, असे मी ठामपणे म्हणालो. तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन वाजला, काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि चारही आकडे खणखणीत आवाजात वाचून दाखवले.

मुलगा गेल्यावर मी रिसीव्हर पुढे ओढला, तारेची अदलाबदल केली, ते बटण बंद केले आणि मारवा पुन्हा लावला. खर्ज जागेवर आला, खाँसाहेब दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध येऊन बसले. काका दारात चपला घालत होते.

"बिघडवलास ना?" ते म्हणाले. "त्या मुलाचा नंबर आहे माझ्याकडे. उद्या बोलावतो."