सल्लागार वेगळा, मंडळ वेगळं, परिषद वेगळी

पहलगामच्या हल्ल्यानंतर सुटलेला एक फॉरवर्ड अजून फिरतोच आहे. त्यातला दावा असा : सुरक्षेबाबत सल्ला देणारी यंत्रणा २०१४ पूर्वी आपल्याकडे नव्हतीच, एप्रिल २०२५ मध्ये पहिल्यांदा सात जणांचं सुरक्षा सल्लागार मंडळ नेमलं गेलं आणि युद्ध करायचं की नाही हे आता तेच ठरवतं.

‘नव्हतीच’ म्हणायचं तर १९९० पर्यंत मागे जावं लागेल. व्ही. पी. सिंग सरकारने त्या वर्षी राष्ट्रीय सुरक्षा परिषद, म्हणजे पंतप्रधान आणि प्रमुख मंत्री जिथे बसतात ती यंत्रणा, स्थापन केली होती. सरकार पडलं आणि परिषद कागदावर राहिली, हे खरं. पण पोखरणनंतर, नोव्हेंबर १९९८ मध्ये, वाजपेयी सरकारने तिची नव्याने उभारणी केली आणि ब्रजेश मिश्रा पहिले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. डोवाल या पदावरचे पाचवे. मध्ये दीक्षित, नारायणन आणि मेनन होऊन गेले.

‘पहिल्यांदा मंडळ’ हा तर सरळ चुकीचा भाग. २०२५ मध्ये झाली ती पुनर्रचना. अध्यक्षपदी ‘रॉ’चे माजी प्रमुख आलोक जोशी आले, एवढंच. पहिलं मंडळ के. सुब्रह्मण्यम यांच्या निमंत्रकपदाखालचं, वीसहून अधिक जणांचं. त्याने अण्वस्त्र धोरणाचा मसुदा केला, तो ऑगस्ट १९९९ मध्ये जाहीरही झाला. आणि मग? हे सरकारचं अधिकृत धोरण नाही, असा खुलासा खुद्द परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह यांनी केला. सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने धोरण ठरवलं ते जानेवारी २००३ मध्ये, आणि त्यात भरही घातली : मोठा जैविक किंवा रासायनिक हल्ला झाल्यास अण्वस्त्राने उत्तर देण्याचा पर्याय राखून ठेवला.

युद्धाच्या दाव्याचं उत्तर यातच आलं. मंडळावर निवृत्त अधिकारी, राजदूत, अभ्यासक असतात. ते सुचवतात, निर्णय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या त्या मंत्रिमंडळ समितीचा. परिषद, मंडळ, सल्लागार ही नावं इतकी सारखी आहेत की गोंधळ होणारच, पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याने निदान एक व्यक्ती आणि एक मंडळ यांत तरी फरक करायला हवा होता.

२०१४ नंतर काहीच बदललं नाही, असं मात्र नाही. पण बदलाची सुरुवात त्याआधीची : मिश्रा पंतप्रधानांचे प्रधान सचिवही होते. सुरक्षा सल्लागार पूर्णवेळ हवा, असं कारगिल आढावा समितीने सुचवलं, तरी ही दोन पदं वेगळी झाली २००४ मध्ये. त्यानंतरची मोठी उडी २०१८ ची. सचिव आणि सेनाप्रमुख एकत्र बसतात त्या धोरणात्मक गटाचं अध्यक्षपद कॅबिनेट सचिवांकडून सुरक्षा सल्लागारांकडे आलं. २०१९ मध्ये त्यांना कॅबिनेट दर्जाही मिळाला. माझ्या मते खरी बातमी ही होती, पण ती फॉरवर्ड झाली नाही.

मंडळाचं मात्र उलटंच झालं. श्याम सरन यांच्या मंडळाची मुदत जानेवारी २०१५ मध्ये संपली आणि वर्षभराहून अधिक काळ नवं मंडळ आलंच नाही. २०१६ मध्ये पी. एस. राघवन अध्यक्ष झाले तेव्हा त्यांना धरून चारच जण होते. म्हणजे फॉरवर्ड ज्याचा जन्म २०१४ नंतर झाल्याचं सांगतो, ते मंडळ २०१५ मध्ये बराच काळ नव्हतंच, आणि ही खुर्ची रिकामी ठेवताना कुठलाही कायदा आड आला नाही, कारण मंडळ उभं आहे ते सरकारी ठरावावर.