तांबट आळीत येऊन ठोके बंद करा म्हणता?

रविवारी सकाळी आजीचं घंगाळ, म्हणजे आंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं मोठं भांडं, घेऊन पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत, गेलो होतो. एका बाजूची कडी निखळलेली, बुडाला दोन पोचे. काम एवढंच. पण जे डोकं फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

आधी आळीत शिरणंच दिव्य. दोन्ही बाजूंना दुचाक्या, मधल्या फटीत मी आणि घंगाळ, आणि मागून एक स्कूटरवाला हॉर्नवर अंगठा ठेवून बसलेला. मी काय घंगाळात बसून उडू? पण ते सोडा. पुण्यात राहून त्यावर चिडायचं तर नोकरी सोडावी लागेल.

खरी आग पुढे आहे. एका दुकानापाशी वीस-पंचवीस जणांचा घोळका. वारसा फेरी! सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे, आणि फेरी नेणाऱ्या बाईंच्या कमरेला स्पीकर, तोंडाशी माईक. पेशवाईत कोकणातून तांबट इथे कसे आले, वगैरे चाललेलं. आत एक काका मांडी घालून हंडा मठारत, म्हणजे हातोड्याने ओळीने ठोके देत, बसलेले. ठक ठक ठक ठक. आणि बाई आत डोकावून काय म्हणाव्यात? "काका, पाच मिनिटं थांबता का जरा? आवाजात यांना काही ऐकू येत नाहीये."

अहो, तांबट आळी आहे ही! इथे ठोके ऐकू नाही येणार तर काय सतार वाजणार? ज्या आवाजासाठी तिकीट काढून आलात तोच बंद करून त्याची माहिती स्पीकरवर ऐकताय? आणि काका, भला माणूस, खरंच हातोडा खाली ठेवून बसले!

मठारकाम म्हणजे नक्षी वाटते का यांना? हंड्याचा आकार हल्ली बऱ्याच ठिकाणी यंत्रावर निघतो, पण मठार हाताचाच. ठोक्याला ठोका लागत, गोल गोल ओळींनी अख्खं भांडं भरायचं. त्या माराने पत्रा कडक होतो, म्हणून भांड्याला लवकर पोचे पडत नाहीत. चमक ही वरकमाई. एक ठोका इकडचा तिकडे झाला की तो जन्मभर दिसतो. असल्या कामात माणसाला मध्येच थांबवायचं, का, तर बाईंचं वाक्य अर्धवट राहिलं!

घोळक्यातल्या एकाच्या टी-शर्टवर पक्षी होता. हीच माणसं पहाटे उठून टेकडीवर जातात आणि झाडावरचा तांबट टुक टुक करायला लागला की एकमेकांना "शू शू" करतात. पक्ष्याला नाव ज्यांच्या ठोक्यांवरून पडलं, त्यांना मात्र गप्प बसवायचं.

मग खरेदी. एका ताईंनी तांब्या उचलला, किंमत विचारली आणि म्हणाल्या, "ऑनलाइन निम्म्यात मिळतो." मग घ्या ना तिकडून! काका शांतपणे सांगत होते, धातूचे पैसे वजनावर, वर घडणावळ, म्हणजे घडवण्याची मजुरी. ताईंना घडणावळ हा शब्दच कळेना. "ते थोडं कमी करा ना." म्हणजे धातू पूर्ण भावाने आणि माणूस सवलतीत. तांब्या जागच्या जागी ठेवून त्याच्यासोबत सेल्फी मात्र निघाला.

गीझर आले तसे बंब माळ्यावर गेले, स्टीलने हंडे-कळश्या खाल्ल्या, ते एक समजू शकतो. माझ्याही घरी गीझरच आहे, खोटं कशाला बोलू. आजीचं घंगाळ गेल्या दिवाळीपर्यंत बाल्कनीत तुळशीच्या बाजूला माती भरून पडलं होतं. पण म्हणून मी कुणाला त्याच्याच दुकानात जाऊन गप्प बसवत नाही.

शेवटी न राहवून म्हटलं, "बाई, तुमचा स्पीकर बंद करा, सगळं नीट ऐकू येईल." बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आळीत गोंगाट करतोय. घोळका पुढे कुंभारवाड्याकडे सरकला. तिथे चाक थांबवायला सांगितलं असेल.

काकांनी घंगाळ उलटं करून टिचकी मारली, कडीला दोन्हीकडे नवी रिबिटं लागतील म्हणाले. मी विचारलं, न्यायला रविवारीच येऊ का?

"रविवारी नको," ते म्हणाले, "रविवारी काम होत नाही."