'तीन वर्षं झाली, आता कॉन्ट्रॅक्ट सोडा' म्हणणाऱ्यांनी आधी हिशेब मांडावा

माझ्या भाच्याने परवा क्लायंटला पाठवायचा मेल मला वाचायला दिला. चांगलं चाललेलं कॉन्ट्रॅक्ट संपवतोय म्हणून नोटीस. का रे बाबा, पैसे थकवलेत का, कुणी काही बोललं का? तसं काही नाही. एक मेसेज वाचला होता. पुण्यातल्या आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर तो इतका फिरतोय की एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. नसेल आला तर थोडक्यात असा:

एकाच क्लायंटकडे तीन वर्षं झाली असतील तर तुम्ही कॉन्ट्रॅक्टर नाही, पीएफ नसलेले नोकर आहात. स्किल गंजतं. आराम सोडवत नाही म्हणून चिकटून राहणं हा भित्रेपणा आहे. बदललं की चाळीस टक्के जास्त मिळतात. आयकर कायद्याच्या ४४एडीए कलमामुळे अर्धं उत्पन्न करमुक्त असतं, तेव्हा वर्षभर घरी बसलात तरी बिघडत नाही. नॉन-कम्पीट, म्हणजे सोडल्यावर स्पर्धकाकडे काम न करण्याची अट, भारतात चालत नाही, घाबरू नका. आधी सोडा, मग मिळतं.

मी कर सल्लागार आहे. परदेशी क्लायंटची कामं घरी बसून करणाऱ्या बऱ्याच जणांची विवरणपत्रं मी भरते. त्यामुळे ४४एडीएचं ते वाक्य वाचून माझं डोकंच फिरलं.

अर्धं उत्पन्न करमुक्त असतं असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. इंजिनिअर, डॉक्टर, वकील, आयटी सल्लागार अशा ठरावीक व्यावसायिकांनी वह्या-पावत्यांचा पसारा न ठेवता जमा रकमेच्या किमान ५० टक्के रक्कम नफा म्हणून दाखवावी, बाकीचा खर्च झाला असं धरलं जाईल, एवढीच ती सोय आहे. तीही वर्षाला ५० लाखांपर्यंत, आणि रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. ही सवलत जमा होणाऱ्या पैशावर आहे. जमाच शून्य असेल तर शून्याची अर्धी रक्कम किती होते? घरी बसलेल्या वर्षात या कलमातून एक रुपयाही मिळत नाही आणि घराचा हप्ता मात्र दर महिन्याला जातो. पुढे कधी कर्ज वाढवायचं किंवा दुसऱ्या बँकेत न्यायचं झालं की स्वतःचा व्यवसाय असलेल्याकडे बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. त्यात एक वर्ष कोरडं दिसलं की मॅनेजरचा सूरच बदलतो. हे मी टेबलाच्या या बाजूने पाहिलेलं आहे.

चाळीस टक्क्यांचं आमिष याच कलमामुळे फसवं ठरतं. भाच्याचेच आकडे घेऊ. महिना साडेतीन लाख, वर्षाला ४२ लाख. ४४एडीएखाली करपात्र उत्पन्न २१ लाख. नव्या करप्रणालीतल्या २०२५-२६ च्या दरांनी सेस (करावरचा उपकर) धरून कर होतो २ लाख ३४ हजार. हातात राहतात ३९ लाख ६६ हजार. आता तो मोठ्या कंपनीत चाळीस टक्के वाढीने नोकरीला लागला असं धरा. पगार ५८ लाख ८० हजार. पगाराला ४४एडीए लागू नाही, मिळते ती ७५ हजारांची प्रमाणित वजावट. उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं म्हणून करावर १० टक्के अधिभार, वर सेस. कर जातो सुमारे १५ लाख १२ हजार. हातात ४३ लाख ६८ हजार. म्हणजे चाळीस टक्क्यांची वाढ हातात येईपर्यंत दहा टक्क्यांची झाली. लॅपटॉप, इंटरनेट, विमा हे खर्च आज तो स्वतः करतो. ते धरले तर फरक थोडा वाढेल, पण चाळीसच्या जवळपासही जाणार नाही. आणि तो आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीच्या तुमच्यावरच्या एकूण खर्चाचा असेल तर कंपनीचा पीएफचा वाटा नि ग्रॅच्युइटी त्यातूनच निघते.

दुसरं कॉन्ट्रॅक्टच चाळीस टक्के जास्तीचं मिळत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे फायदा खरा आहे, जरूर घ्यावा. फक्त ७५ लाख ओलांडले की ही सोय गेली, वह्या ठेवणं आणि लेखापरीक्षण आलं, एवढं लक्षात ठेवून दर ठरवा.

स्किल गंजण्याचं म्हणाल तर ते कामावर अवलंबून असतं. भाच्याच्या क्लायंटने याच काळात जुनी बिलिंग सिस्टिम क्लाउडवर नेली आणि त्यातलं निम्मं काम याने केलं. वर्षानुवर्षं तेच ते बग दुरुस्त करणाऱ्याने जरूर हातपाय हलवावेत. त्याला तीन वर्षं थांबायचीही गरज नाही.

नॉन-कम्पीटचा मुद्दा बराचसा बरोबर आहे, हे नाइलाजाने मान्य करते. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २७ धंद्यावर बंधन घालणारे करार रद्द ठरवतं. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानला त्याच्या जुन्या एजन्सीने मुदत संपल्यावरही बांधून ठेवू पाहिलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये याच कलमावर बोट ठेवून तिची मागणी फेटाळली. पण यावरून 'घाबरू नका' म्हणणारे पुढचं सांगत नाहीत. गोपनीयतेचं कलम वेगळं असतं आणि ते करार संपल्यावरही चालतं. क्लायंटचा कोड किंवा ग्राहकांची यादी सोबत नेलीत तर कलम २७ वाचवायला येणार नाही. शिवाय अमेरिकन कंपन्यांच्या करारात बहुधा तिकडच्याच एखाद्या राज्याचा कायदा लिहिलेला असतो.

आता 'आधी सोडा, मग मिळतं'. या एका वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होणार आहे. २०२१-२२ मध्ये ते खरं वाटायचं. जून २०२२ अखेरच्या बारा महिन्यांत इन्फोसिसमधून लोक सोडून जाण्याचं प्रमाण २८.४ टक्के होतं, कारण समोर ऑफर तयार असायच्या. तो काळ सरला. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. अशी अनुभवी माणसं तुमच्याच रांगेत उभी असताना हातातलं सोडून रांगेच्या शेवटी जायचं? बोलणी करताना तर फरक लगेच दिसतो. काम चालू असलेला माणूस 'या दराला जमणार नाही' म्हणून उठू शकतो. तीन महिने घरी बसलेला मिळेल त्या दराला हो म्हणतो, आणि पुढची दोन वर्षं तोच दर त्याला चिकटतो.

शिवाय ज्याला हा मेसेज भित्रेपणा म्हणतो, ते काय आहे तेही बघा. भाच्याच्या मीटिंग संध्याकाळी साडेसातला सुरू होतात, कारण तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळ असते. त्यामुळे त्याची सकाळ मोकळी. पक्षाघातानंतर त्याच्या बाबांचा उजवा हात अजून नीट उचलत नाही. त्यांना फिजिओथेरपीला तोच नेतो, परत आणतो, मग कामाला बसतो. हिंजवडीच्या नोकरीत हे कसं जमणार होतं? "मावशी, याला काय मी आराम म्हणू?" असं त्यानेच विचारलं, तेव्हा कुठे तो भानावर आला.

उरला 'पीएफ नसलेले नोकर' हा टोमणा. यात तथ्य आहे. एकाच क्लायंटवर घर चालत असेल तर तो क्लायंट तीस दिवसांच्या नोटिशीवर तुम्हाला रस्त्यावर आणू शकतो, भरपाई नाही, ग्रॅच्युइटी नाही. कंपनी काटकसर करायला लागली की कॉन्ट्रॅक्टवाले आधी जातात. पण हा धोका आहे म्हणून आपणच नोटीस द्यायची, यात शहाणपण कसलं? सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाका. आईवडिलांचा आणि स्वतःचा आरोग्य विमा स्वतःच्या नावाने काढा, कारण आधीपासूनच्या आजारांचा खर्च विम्यातून मिळायला तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते आणि ती जितक्या लवकर सुरू होईल तितकी बरी. पैसे उशिरा येऊ लागले, नोटिशीची मुदत कमी करायचा प्रस्ताव आला, किंवा तुमचं काम दुसऱ्याला शिकवायला सांगितलं, की शोध सुरू करा, आणि नवा करार सही होऊन आल्यावरच जुना सोडा.

दुसरा छोटा क्लायंट हाताशी ठेवणं हा यातला खरा उपाय. भाच्याचा करार आम्ही दोघांनी बसून वाचला. बाहेरचं काम घ्यायला त्यात बंदी नाही, फक्त आधी लेखी कळवायचं आणि तो क्लायंट स्पर्धक नसावा. चार वर्षांत ते कलम त्याने एकदाही वाचलं नव्हतं.