अकरा सोंगट्यांचा ताळेबंद

गेली सव्वीस वर्षे मी फोर्टमधल्या एका कचेरीत हिशेब लिहितो आहे. डावीकडची बेरीज उजवीकडच्या बेरजेशी जुळल्याशिवाय मी खुर्चीवरून उठत नाही, आणि ती जुळत नसेल तर चूक कोणत्या पानावर लपली आहे हे मला नुसत्या वासावरून कळते, असे कचेरीत कौतुकाने बोलले जाते. माझ्या पाठीमागे तेच वाक्य निराळ्या सुरात बोलले जाते. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत परळला आमच्याकडे राहायला आलेल्या भाच्याने माझ्या लॅपटॉपवर 'फुटबॉल मॅनेजर' या खेळाची दोन वर्षांपूर्वीची आवृत्ती चढवून दिली आणि "मामा, यात एकच गोष्ट सांभाळायची, टीमचा बॅलन्स," असे बजावले, तेव्हा मला हसू आले. समतोल साधण्यावर तर माझे घर चालत होते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी सांगतो की यात चेंडूला पाय लावायचा नसतो. कोणाला खेळवायचे, कोणी कुठे उभे राहायचे आणि तिथे उभे राहून काय करायचे, एवढे ठरवून द्यायचे आणि मग आपले निर्णय पडद्यावर धावताना, म्हणजे बहुधा उलट्या दिशेने धावताना, पाहत बसायचे. मी इंग्लंडमधल्या चौथ्या श्रेणीतला एक गरीब क्लब पत्करला. या श्रेणीत २४ संघ असतात, प्रत्येकाच्या वाट्याला ४६ सामने येतात आणि तळाच्या दोन संघांची खालच्या श्रेणीत रवानगी होते. खेळाडूंच्या वेगापासून धैर्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला १ ते २० यांदरम्यान गुण दिलेले असतात. माझ्या खेळाडूंच्या नावांपुढे ६, ७, क्वचित ९ असे आकडे पाहून मला माझे चित्रकलेचे गुण आठवले आणि ती मुले एकदम जवळची वाटू लागली.

पहिली रचना मी उत्साहात केली. मागे चार, मध्ये दोन, पुढे चार. प्रत्येक खेळाडूला बचाव, साहाय्य किंवा आक्रमण यांपैकी एक कर्तव्य नेमून द्यावे लागते. खेळाने परवानगी दिली त्या सर्वांना मी आक्रमण दिले, कारण गरिबाने भीक मागताना तरी संकोच करू नये असे माझे मत होते. आम्ही पाच गोलांनी हरलो. त्यातले तीन गोल तर असे झाले की आमच्या अर्ध्या मैदानात प्रतिस्पर्ध्याचा एकच माणूस होता, आणि तो एकटाच होता.

पराभूत माणूस इतिहासाकडे वळतो, तसा मीही वळलो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मागे दोन, मध्ये तीन आणि पुढे पाच ही रचना सर्वमान्य होती, हे वाचून मला धीर आला. पण पुढे वाचले तो धीर गेला. १९२५ साली ऑफसाइडचा, म्हणजे आक्रमकाने प्रतिस्पर्ध्याच्या गोलापाशी आधीच जाऊन उभे राहू नये असा, नियम सैल झाला. आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागत, तिथे दोन पुरेसे ठरले, गोलांचा पाऊस पडू लागला, आणि आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मधला माणूस उचलून दोन्ही बॅकच्या, म्हणजे मागच्या बचावपटूंच्या, मध्ये नेऊन उभा केला. तेव्हापासून आजवरचा रचनांचा इतिहास म्हणजे बहुतांशी पुढच्या माणसाची समजूत घालून त्याला मागे बोलावण्याचा इतिहास आहे. पुढचे पाच होते त्यांचे चार झाले, मग दोन झाले, आणि आता पुष्कळ संघांत एकच बिचारा पुढे एकटा उभा असतो. ज्या शहरात १८९१ पासून फुटबॉलचा रोव्हर्स चषक खेळला गेला आणि ज्या शहराच्या नेव्हिल डिसूझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली, त्या मुंबईच्या रहिवाशाला हे इतक्या उशिरा कळावे याची लाज वाटली. फुटबॉलच्या कूपरेज मैदानावरून मी रोज चालत जातो. त्या आठवड्यात रस्ता बदलला.

दुसरी रचना अर्थातच पश्चात्तापाची होती. मागे पाच, त्यांच्यापुढे चार, आणि सर्वांना बचाव. सलग सहा सामने ०-० असे सुटले. आमचा पुढचा एकुलता एक खेळाडू नव्वद मिनिटे मध्यरेषेजवळ उभा राही आणि त्याच्याकडे चेंडू आलाच तर परके पार्सल दारात आल्यासारखा तो परत पाठवी. हे सामने पाहताना मला तीनदा झोप लागली.

मग भाच्याने मला भूमिका शिकवल्या. या खेळात मिडफिल्डरला, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूला, नुसते मिडफिल्डर म्हणत नाहीत. त्याचा मेझाला होतो, रेजिस्टा होतो, आणखी बरेच काही होते. सर्वांत मला भावला तो राउमडॉयटर. हा जर्मन शब्द थॉमस म्यूलर यांनी स्वतःच्या खेळाबद्दल वापरला होता, आणि त्याचा अर्थ मोकळ्या जागेचा अर्थ लावणारा असा सांगतात. मुंबईत सकाळी नऊच्या आत लोकल पकडणारा प्रत्येक माणूस जन्मजात राउमडॉयटर असतो, हे जर्मनांना कोणीतरी कळवायला हवे. मी हौसेने दोन राउमडॉयटर नेमले. दोघेही मोकळी जागा शोधत फिरले, ती त्यांना सापडलीही, पण त्या जागेत चेंडू आणून द्यायला मागे कोणी उरले नव्हते.

पडद्यावर काही उमगेना, तेव्हा मी कॅरम काढला. आमच्या इमारतीच्या गणेशोत्सव मंडळाचा मी हिशेबतपासनीस असल्यामुळे मंडळाचा कॅरम वर्षभर आमच्या पलंगाखाली असतो. नऊ पांढऱ्या सोंगट्या, एक राणी आणि एक स्ट्रायकर मिळून बरोबर अकरा होतात, हा योगायोग मला दैवी संकेत वाटला. स्ट्रायकर आकाराने मोठा म्हणून त्याला गोलरक्षक केले, राणीला दहा क्रमांक दिला, आणि गोंधळ नको म्हणून बाकीच्या सोंगट्यांवर मार्करने क्रमांक घातले. समोर काळ्या सोंगट्या मांडल्या आणि जेवणाच्या टेबलावर रात्री अकरापर्यंत सामने लढवले. तिथे मी एकदाही हरलो नाही.

पत्नी पोळ्यांचा डबा ठेवायला जागा शोधत होती. तिने टेबलाकडे क्षणभर पाहिले.

"अहो, ही डाव्या हाताची सगळी पुढे का पळाली आहेत? सगळेच पालखीत बसले तर खांदा कोण देणार?"

तिने बोट ठेवले होते ते माझ्या डाव्या बॅकवर. तो, त्याच्यापुढचा विंगर, म्हणजे कडेने धावणारा आक्रमक, आणि त्या बाजूचा मिडफिल्डर, तिघांनाही मी आक्रमण दिले होते. बॅक वर जाणार असेल तर त्या बाजूच्या मिडफिल्डरने घर राखायचे, विंगर आत वळणार असेल तरच बॅकने बाहेरून धावायचे, आणि मधल्यांपैकी एकाने काहीही झाले तरी जागा सोडायची नाही, हे भाच्याने मला चारदा सांगितले होते. प्रत्येक नावे नोंदीला जमा नोंद असते, हे मला कळायला हवे होते. पण वहीतले नावे लिहितानाच दिसते. मैदानातले सत्त्याऐंशीव्या मिनिटाला दिसते.

नवी रचना झाली. मागे चार, त्यांच्यासमोर एक राखणदार, मग दोन, मग तीन. उजवा बॅक घरी, डावा फिरतीवर, आणि त्याच्यामागे राखणदार सरकलेला. कागदावर मांडली तेव्हा ती इतकी सुबक दिसली की मी खाली सही करणार होतो. पुढचे पाच सामने हरलो. टेबलावर मात्र तीच रचना अजिंक्य होती. शेवटी भाच्याला बोलावले. तो बराच वेळ सोंगट्यांकडे पाहत राहिला.

"मामा, समोरचे दोघे कुठे गेले?"

मी मोजले. कॅरममध्ये काळ्या सोंगट्या नऊच असतात. राणी आणि स्ट्रायकर तर माझ्याकडे खेळत होते. सव्वीस वर्षे दोन्ही बाजू मोजून पोट भरणारा मी, दोन महिने नऊ जणांविरुद्ध समतोल साधत बसलो होतो.

देवघरातली सुपारी आणि दोन रुपयांचे नाणे अशी भरती करून प्रतिस्पर्ध्याचा संघ पुरा केला. सुपारी मध्यभागी ठेवताच त्यांचे तीन आणि आमचे दोन असा प्रकार उघड झाला. नाणे आमच्या डाव्या बॅकच्या मागच्या रिकाम्या जागेत आपसूक घरंगळत गेले. डाव्या बॅकला साहाय्यावर आणले आणि तीनमधल्या एकाला मागे ओढले, तेव्हा कुठे आम्ही जिंकायला नव्हे, पण कमी हरायला लागलो. शेवटचा सामना १-१ असा सुटला आणि आम्ही बाविसाव्या क्रमांकावर, म्हणजे काठावर, वाचलो. मध्यरात्री मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी संचालक मंडळाची सूचना पडद्यावर आली: पुढच्या हंगामात प्रेक्षकांना आक्रमक खेळ पाहायचा आहे.

भाद्रपदात मंडळाने कॅरम मागून नेला. मार्कर पुसला जात नाही हे मी खजिनदारांना सांगायचे विसरलो. स्पर्धेच्या पहिल्याच डावात मी हिशेबाच्या वहीतून मान वर केली, तेव्हा पोरे पावडर झटकत ओरडत होती, "तीन नंबर गेला!" तीन नंबर म्हणजे माझा डावा बॅक. तो डाव्या कोपऱ्यातल्या भोकात पडला होता, आणि त्याच्या आसपास आमची एकही सोंगटी नव्हती.